ग्राफ्ट, टाका आणि न थांबणारं रक्त

रक्तवाहिनीला ग्राफ्ट जोडताना सर्जनला रक्ताकडून एकाच वेळी दोन उलट गोष्टी हव्या असतात. नळीच्या आत ते गोठता कामा नये आणि टाक्याच्या भोकाशी मात्र लगेच गोठलं पाहिजे. पहिलं साधलं नाही तर पाय जातो, दुसरं साधलं नाही तर माणूस. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या ओढाताणीतूनच घडला. पहिल्या बाजूविषयी, म्हणजे ग्राफ्ट बंद पडण्याविषयी, भरपूर लिहिलं-बोललं जातं. रक्तस्रावाविषयी सर्जन खासगीत बोलतात आणि चारचौघांत विषय बदलतात, कारण तो आपल्या हाताचा दोष मानला जाईल अशी धास्ती असते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा एकट्या हाताचा दोष नसतो. हे पुस्तक त्यासाठी आहे.

ऑपरेशन नाशिकला किंवा मुंबईला होतं, मग निफाडला बसून हे लिहायचं कशाला, असं कुणी विचारेल. ग्राफ्ट म्हणजे तुंबलेल्या, फुगलेल्या किंवा तुटलेल्या रक्तवाहिनीच्या जागी जोडलेली दुसरी नळी. कधी ती रुग्णाच्याच पायातली शीर असते, कधी कारखान्यात तयार झालेली. ती बसवून घेतलेला माणूस आठ-दहा दिवसांत घरी परततो आणि पुढची वर्षं इथंच काढतो. मधुमेहाने बोट काळं पडून पायाची बायपास झालेले शेतकरी आमच्या तालुक्यात आहेत. पोटातली महाधमनी फुगली म्हणून नळी घातलेले निवृत्त कामगार आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे तर वाढतच चालले आहेत. त्यांच्या हातावर फिस्टुला असतो. त्यात कृत्रिम नळी नसते, मनगटापाशी किंवा कोपराशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या असतात. शीर बारीक निघाली तर तिथे नळी घालावी लागते. रक्तस्रावाच्या दृष्टीने दोघांचं दुखणं एकच, म्हणून या पुस्तकात ते एकत्र घेतले आहेत. आणि चौथा रुग्ण नाशिक-येवला रस्त्यावर मोटरसायकलवरून पडलेला, गुडघा निखळून त्यामागची धमनी फाटलेला. त्याला अजून ग्राफ्ट बसायचा आहे. त्याचं काय होणार हे नाशिकचं टेबल गाठण्याआधीच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये बरंचसं ठरून जातं.

नवख्या वाचकाने एक भेद सुरुवातीलाच मनात पक्का करावा. एक रक्तस्राव भोकातून होतो. टाका सैल बसला, धमनीची भिंत चुन्यासारखी कडक असल्याने फाटली, शिरेची बारीक फांदी बांधायची राहून गेली. तिथे बोट ठेवता येतं, टाका घालता येतो. दुसरा कुठूनच होत नाही आणि सगळीकडून होतो. जखमेच्या कडा, सुई टोचलेली जागा, लघवीची नळी, सगळं पाझरायला लागतं. हा रक्ताचाच बिघाड. पहिल्याला दुसरा समजून प्लाझ्माच्या पिशव्या चढवत बसणं आणि दुसऱ्याला पहिला समजून टाक्यावर टाके घालत राहणं, या दोन्ही चुका महागात पडतात. अवघड गोष्ट अशी की पहिला फार वेळ चालला की दुसरा आपोआप सुरू होतो.

रक्त थांबवण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने त्याचे चार मार्ग सांगितले : तुरट द्रव्यांनी जखम सांधणं, गारव्याने रक्त घट्ट करणं, भस्माने पाचन आणि हे सगळं हुकलं तर डाग देऊन शीर आकसवणं. सौम्यापासून तीव्राकडे जाणारी ही पायरी आजच्या ऑपरेशन थिएटरमध्येही जवळपास तशीच आहे. आधी दाबून धरा, मग औषधी पट्टी, मग टाका. डाग देण्याचं काम आता विजेवर चालतं. पण सुश्रुतापुढे रक्तवाहिनी बंद करण्याचाच प्रश्न होता. ती उघडी ठेवून रक्त थांबवण्याचा प्रश्न विसाव्या शतकातला.

त्याची सुरुवातही एका रक्तस्रावातूनच झाली. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिओं शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती आणि ती शिवणं कुणालाच येत नव्हतं. त्याच शहरातल्या अलेक्सी कॅरेल या तरुणाला ही लाचारी सलली. तो भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे बारीक सुई-दोरा हाताळायला शिकला आणि १९०२ साली त्याने रक्तवाहिनीची दोन टोकं तीन आधार-टाक्यांवर ताणून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. तीन बिंदूंवर ताण दिला की गोल तोंड त्रिकोणी होतं आणि मागची भिंत चुकून पुढच्या टाक्यात सापडत नाही. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. आजही जोडाच्या टाचेशी आणि चवड्याशी टाका घेताना सर्जन कॅरेलचीच भीती बाळगतो : एकदा नळी खाली बसली की मागच्या भिंतीतला गळका टाका डोळ्यांना दिसत नाही.

पुढचे टप्पे मी भराभर सांगतो, कारण ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रक्तगट शोधले. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला रक्त न गोठू देणारं द्रव्य सापडलं. त्याचंच पुढे हेपॅरिन झालं. १९४८ साली पॅरिसमध्ये ज्यां कुन्लँने रुग्णाच्या पायातलीच शीर वापरून मांडीतला अडथळा ओलांडला. तोपर्यंत कृत्रिम नळी नव्हती. ती आर्थर वूरहीसने १९५२ साली कापडाची करून दाखवली. कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर गुळगुळीत अस्तर चढलेलं त्याने पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना सुचली. मग ह्यूस्टनच्या मायकेल डेबेकीने दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या.

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण कापडाची नळी गळते. विणलेल्या डेक्रॉनच्या धाग्यांमधून रक्त सरळ पाझरतं. घट्ट विणावी तर ती ताठ होते आणि कापलेल्या कडेला धागे सुटतात. यावर सर्जनांनी काढलेला उपाय जुन्या पिढीतल्या प्रत्येकाने केलेला आहे. हेपॅरिन द्यायच्या आधी रुग्णाचंच थोडं रक्त काढायचं, स्टीलच्या वाटीत नळी त्यात बुडवायची, बोटांनी चुरत, ताणत ते रक्त धाग्याधाग्यात मुरवायचं आणि गोठू द्यायचं. मग आतल्या गुठळ्या शोषून, धुऊन काढायच्या. हेपॅरिन आधी दिलं गेलं की सगळा खेळ फसला, म्हणून भूलतज्ज्ञाला दोनदा विचारायचं. फाटलेल्या महाधमनीच्या घाईत या वाटीसाठी वेळ नसे आणि ज्याचं रक्त आधीच गोठेनासं झालं आहे त्याच्या बाबतीत वाटीत काहीच घडत नसे. पुढे कोलॅजन, जिलेटिन किंवा अल्ब्युमिनचा लेप लावलेल्या नळ्या आल्या आणि वाटी गेली. नव्या मुलांना ती ठाऊक नाही, आणि मला त्याची हळहळही नाही. मात्र रक्ताचा स्वभाव बोटांना कळण्याची एक सोय तिच्याबरोबर गेली.

१९७० च्या दशकात पीटीएफईची पांढरी, मऊ नळी आली. तिच्या भिंतीतून रक्त पाझरत नाही, पण सुईच्या भोकातून पाझरतं, कारण सुई दोऱ्यापेक्षा जाड असते आणि हा पदार्थ शिरेसारखा दोऱ्याभोवती मिटत नाही. द्राक्षबागेत ठिबकची नवी लॅटरल टोचून ड्रिपर बसवलेल्याला हे लगेच कळेल. भोक जरा मोठं पडलं की ड्रिपरच्या बाजूने पाणी सुटतं आणि दाब जितका जास्त तितकी ती गळ चिवट. थिएटरमध्ये अशा वेळी करायचं काम कंटाळवाणं असतं : पट्टी ठेवायची, बोटाने दाबायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं म्हणजे पाच. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघणारा सर्जन नुकती धरलेली गुठळी स्वतःच सोडवत असतो. अधीर होऊन घातलेला जादा टाका म्हणजे आणखी दोन भोकं.

हेपॅरिनचा उलट उतारा प्रोटामिन. तो पूर्वापार सॅमन माशाच्या शुक्रपेशींतून काढला जातो. साधारण १०० युनिट हेपॅरिनला १ मिलिग्रॅम, तेही सावकाश, कारण भसकन दिला तर रक्तदाब कोसळतो. माशाची ॲलर्जी असलेल्यांना आणि प्रोटामिन मिसळलेलं इन्शुलिन वर्षानुवर्षं घेतलेल्यांना त्याची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते. उतारा द्यावा की हेपॅरिन आपोआप ओसरू द्यावं, यावर दोन तट आहेत आणि दोघांकडे वजनदार कारणं आहेत. एकाला गुठळीची भीती, दुसऱ्याला रक्ताच्या गोळ्याची.

तट म्हटले म्हणून सांगतो. या क्षेत्रात ठळक घराणी चार. पहिलं टाक्याचं : जोड नेटका असेल तर रक्त थांबतंच, बाकी सबबी. दुसरं प्रयोगशाळेचं. त्याला रक्त कसं आणि किती घट्ट गोठतंय याचा आलेख टेबलापाशी हवा असतो. हार्टर्टने जर्मनीत १९४८ साली त्यासाठीचं तंत्र मांडलं आणि ते सर्वत्र पोहोचायला काही दशकं लागली. तिसरं घराणं म्हणतं, पोट उघडूच नका, जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट सरकवा. १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये पारोदीने असं ऑपरेशन केल्यापासून हे घराणं जगभर वरचढ आहे. त्यात रक्तस्राव कमी, पण संपलेला नाही. जांघेतल्या छिद्रातून पोटामागे साचणारं रक्त बाहेर दिसत नाही, रुग्ण फक्त कंबर दुखते म्हणतो आणि पांढरा पडतो.

चौथं घराणं युद्धभूमीचं, आणि तालुक्याला तेच सर्वांत जवळचं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा आढावा डेबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ साली छापला. धमनी बांधून टाकलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा अवयव गेला होता. कोरियाच्या युद्धात धमनी जोडण्याचा प्रघात पडला आणि हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. या घराण्याने शिकवलेली गोष्ट अशी की सगळं एकाच वेळी दुरुस्त करू नये. तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत प्लॅस्टिकची तात्पुरती नळी बांधा, रक्त चालू करा, रुग्णाला ऊब द्या आणि मग ग्राफ्टसाठी पुढे पाठवा. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याचं १९६० च्या दशकातलं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड याच घराण्याने पुन्हा मानाला चढवलं. २० हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवर झालेल्या २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासाने दाखवलं की ते पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात, उशिरा दिलं तर फायदा नाही. औषध स्वस्त आहे. तीन तास मात्र गावापासून मोजायचे असतात.

ऊब म्हटल्यावर निफाडची थंडी आठवणं भाग आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या राज्यभर वाचल्या जातात. द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवतो, कारण मणी तडकतात. त्याच पहाटे रस्त्यावर अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचं अंग ३४ अंशांवर आलेलं असतं. गारव्याने जखमेतली शीर आकसते हे खरं, पण सगळं शरीर गार झालं की रक्त गोठवणारी विकरं मंदावतात आणि बिंबिका (प्लेटलेट्स) चिकटेनाशा होतात. यात एक फसवणूक दडलेली आहे. प्रयोगशाळा नमुना ३७ अंशांवर तापवून तपासते, त्यामुळे रिपोर्ट चांगला येतो आणि टेबलावरचा माणूस वाहतच राहतो. ओले कपडे कापून काढणं, घोंगडी, कोमट सलाईन ही रक्तस्रावावरची औषधंच आहेत, फक्त ती औषधांच्या यादीत दिसत नाहीत.

दुसरी स्थानिक शिकवणी घोणसेची. उसाच्या फडात घोणस चावली की तिचं विष रक्त गोठवणारे घटक इतके भराभर खर्ची पाडतं की शेवटी गोठायला काही उरत नाही. गंमत म्हणजे याच विषाचा पातळ थेंब हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त थांबवतो, हे मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली दाखवलं, आणि रक्ताच्या काही तपासण्यांत ते आजही वापरात आहे. घोणसेमुळे आमच्या आरोग्य केंद्रांना एक बिनखर्चाची तपासणी हातवळणी पडली. काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त ओघळलं तर ते गोठत नाही. नळी प्लॅस्टिकची नको आणि साबणाने धुतलेलीही नको, नाहीतर निकाल खोटा. विषाने टरारून सुजलेल्या पायात रक्त पोहोचत नाही असं वाटून कातडी फाडायची घाई होते. गोठण्याची शक्ती परत येण्याआधी दिलेला तो छेद थांबता थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला ‘आधी नळी बघा’ हे सांगायला गावचा कंपाउंडर पुरतो.

रक्त चढवण्याच्या बाबतीत मराठी वाचकाला एक नाव माहीत असायला हवं : डॉ. य. मो. भेंडे. १९५२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतल्या काही रुग्णांचा वेगळाच रक्तगट मांडला. तो बाँबे ब्लड ग्रुप म्हणून जगभर ओळखला जातो. हे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ दिसतं, पण या माणसाला ‘ओ’ रक्त चढवलं तर ते त्याला मानवत नाही. त्याला त्याच्याच गटाचं रक्त लागतं. देशात असे लोक दहा हजारांत एखादा असावेत, आणि महाराष्ट्र त्यांचं एक माहेर. आणीबाणीत तपासणीला फाटा देऊन ‘ओ निगेटिव्ह आणा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. ठरवून करायच्या ग्राफ्टआधी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का याची तपासणी, वेळेत झाली तर हा गट टेबलावर नव्हे, आठवडाभर आधी कळतो. १ जानेवारी १९९८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. तेव्हापासून पिशवीमागे कुणीतरी शेजारी, नातलग किंवा शिबिरात आलेला अनोळखी माणूस असतो, आणि द्राक्षाच्या हंगामात शिबिरं ओस पडतात.

हे सगळं आत्ता का महत्त्वाचं? कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घराघरांत आल्या आहेत. हृदयात स्टेंट बसला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही, नाडी अनियमित असली की आणखी तिसरी. क्लोपिडोग्रेल ऑपरेशनआधी साधारण पाच दिवस थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात, पण स्टेंट नवा असेल तर हे गणित हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांडायचं नसतं. रुग्ण मात्र ‘बीपीची गोळी’ एवढंच सांगतो. मूत्रपिंड निकामी झालेल्याच्या रक्तात बिंबिकांची संख्या पुरेशी असते, रिपोर्टवर आकडा छान दिसतो, पण त्या चिकटत नाहीत. आदल्या दिवशीचं डायलिसिस आणि वाढवलेलं हिमोग्लोबिन हे अशा वेळी टाक्याइतकंच कामाचं. नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयासारख्या ठिकाणी आणि शासनाच्या योजनांमुळे खासगी रुग्णालयांतही ही ऑपरेशनं आता गरिबाच्या आवाक्यात येताहेत. म्हणजे ग्राफ्ट घेऊन गावात राहणारी माणसं वाढणार आणि त्यांच्या रक्तस्रावाचे पहिले साक्षीदार घरचेच असणार.

अशा एका प्रसंगाचं वर्णन इथेच करतो, कारण पुस्तक वाचून होईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही. फिस्टुलावर वारंवार एकाच जागी सुई टोचली की तिथे फुगा येतो, कातडी चकचकीत आणि पातळ होते, वर खपली धरते. ती खपली निघून थोडंसं रक्त आलं आणि आपोआप थांबलं तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तो इशारा असतो. पुढच्या वेळी धार लागते, आणि ती धमनीच्या दाबाची असते. घरात मग हळद येते, टॉवेलवर टॉवेल गुंडाळले जातात. जाड टॉवेलाने दाब पसरतो, रक्त आत मुरत राहतं आणि कुणाला दिसत नाही. करायचं एवढंच : नेमक्या भोकावर एका बोटाने घट्ट दाबायचं किंवा पाण्याच्या बाटलीचं झाकण पोकळ बाजू खाली करून त्यावर दाबून धरायचं, हात वर उचलायचा, १०८ ला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत उघडून बघायचं नाही. जांघेतल्या ग्राफ्टच्या जखमेतून पू येत असताना चमचाभर रक्त दिसलं किंवा पोटात नळी असलेल्या माणसाला काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली, तरी नियम एकच : रक्त थांबलं म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

या पुस्तकात सर्जनांबरोबर भूलतज्ज्ञ, रक्तपेढीतले तंत्रज्ञ, परिचारिका आणि डायलिसिस युनिटमध्ये रोज सुई टोचणारे हात यांचं लेखन आहे. ही भेळ मुद्दाम केली. सर्जन रक्तस्राव मिलिलिटरमध्ये सांगतो, परिचारिका किती पॅड भिजले ते सांगते, आणि दुसरी नोंद अनेकदा आधी आणि खरी असते. लेखांमध्ये मतभेद आहेत. हेपॅरिन किती, प्रोटामिन द्यावं का, रक्त कोणत्या हिमोग्लोबिनला चढवावं, यावर दोन लेखकांनी एकमेकांचं खोडून काढलं असेल तर आम्ही ते तसंच ठेवलं आहे. प्रत्येक प्रसंगात रक्तस्राव कुठून सुरू झाला हे शोधताना लेखक ऑपरेशनच्या दिवसावर थांबलेले नाहीत. मागे जात ते गोळ्यांची न लिहिलेली चिठ्ठी, न झालेली क्रॉसमॅच, गार पडलेलं अंग आणि उशिरा निघालेली गाडी इथपर्यंत गेले आहेत.

काय नाही हेही सांगतो. ऑपरेशन कसं करावं हे इथे शिकवलेलं नाही, ते टेबलाशेजारी उभं राहूनच शिकायचं असतं. छातीतल्या महाधमनीच्या आणि हृदयाच्या बायपासमध्ये हार्ट-लंग मशीनमुळे होणारा रक्तस्राव हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही. लहान मुलंही वगळली आहेत, कारण त्यांच्या रक्ताचं माप मोठ्यांच्या मापाने काढता येत नाही. औषधांची प्रमाणं जिथे आली आहेत ती वाचकाला अंदाज यावा म्हणून. डायलिसिस युनिटमध्ये काम करणाऱ्यांनी फिस्टुलाचा विभाग आधी वाचला आणि इतिहास मागाहून चाळला तरी काही बिघडणार नाही.